देवाचंही करा, गोळ्याही घ्या

आमच्या दवाखान्याला लागून दातांचा दवाखाना होता, आणि आमच्याकडे येणारी निम्मी माणसं आधी त्याचा जिना चढायची. वर जाऊन दोन मिनिटं थांबायचं, रस्त्यावर ओळखीचं कोणी नाही ना ते वाकून बघायचं, मग भराभर उतरून आमच्या दारात शिरायचं. मध्येच कोणी भेटलं तर गालावर हात. दातांचे डॉक्टर एकदा मला म्हणाले, अक्का, तुमच्यापायी माझ्या पायऱ्या झिजल्या आणि खुर्ची मात्र रिकामीच.

आमचा दवाखाना मनाच्या आजारांचा आणि व्यसनांचा. तंजावुरात तेव्हा हे मोठ्यानं सांगण्यासारखं नव्हतं, आताही फारसं नाही. मी तिथं लागले ती केसपेपर लिहायला. शिक्षण शाळेपुरतं, तेही शेवटच्या परीक्षेत गणितानं दार लावून घेतलेलं. बाकीचं जे काही येतं ते ऐकून, बघून आणि डॉक्टरबाईंची पुस्तकं त्या जेवायला गेल्या की चाळून आलेलं. देवनागरीही मी चाळिशीनंतर स्वतःच गिरवून शिकले, तेव्हा हे वाचताना कुठे अडखळलात तर सांभाळून घ्या.

डॉक्टरबाई फार हुशार, पण बोलणं तारेतल्या मजकुरासारखं. बाहेर पन्नास माणसं बसलेली, त्या तरी काय करणार? आजाराचं नाव, गोळीचं नाव, पुन्हा कधी यायचं, झालं. माणसं बाहेर यायची आणि माझ्या टेबलापुढच्या बाकावर बसून माझ्या तोंडाकडे बघायची. अम्मा, आत काय म्हणाल्या हो? मग मी सांगायची. पहिल्यांदा चोरून, पुढे डॉक्टरबाईच हाक मारायला लागल्या, "रायरम्माकडे बसा, त्या समजावतील." आम्हा मराठी लोकांना इथले तमिळ शेजारी रायर म्हणतात, म्हणून मी रायरम्मा. पगार केसपेपर लिहिण्याचा आणि काम बाकावर बसून बोलण्याचं. बोलण्याचे पैसे कोणी देत असतं तर मी लहानपणीच श्रीमंत झाले असते, असं आमचे हे म्हणायचे.

बायपोलर म्हणजे काय, हे मी आमच्या एका मास्तरांची गोष्ट सांगून समजवायची, अर्थात नाव न घेता. या आजारात मन एकदा चढतं आणि एकदा उतरतं. चढलं की झोप लागत नाही, आणि गंमत म्हणजे लागत नाही याचं काही वाटतही नाही. डोक्यात बेतांवर बेत. उतरलं की माणसाला अंथरुणातून उठून दात घासणंही डोंगराएवढं. तर या मास्तरांनी एका चढात आपली साठीशांत ठरवली. आमच्याकडे साठीला नवरा-बायकोचं पुन्हा लग्न लागतं, मंगळसूत्रासकट. पत्रिका छापल्या, हॉल घेतला, आचाऱ्याला तीन पायसांची यादी दिली. मास्तरांचं वय बावन्न. त्यांच्या बायकोनं बाकावर बसून मला शांतपणे सांगितलं, "याच माणसाशी परत लग्न करायला माझी ना नाही रायरम्मा, पण आठ वर्षं आधी कशाला?"

मास्तर औषधावर स्थिर झाले. आठ वर्षांनी खरी साठीशांत झाली तेव्हा मला पत्रिका आली. पायसं तीनच होती.

माझी दोन मतं मी बाकावर ठाम धरून होते. एक म्हणजे चोरून औषध द्यायचं नाही. दर आठवड्याला कोणी तरी विचारायचंच, गोळी कुटून कॉफीत घालू का, सांबारात घालू का. एका सासूबाईंनी तर जावयाची दारू सुटावी म्हणून इडलीच्या पिठात घालू का विचारलं. मी म्हटलं, घाला, मग घरातल्या सगळ्यांचे केसपेपर काढते. यातल्या काही गोळ्या अशा की न सांगता दिल्या आणि त्यांच्यावर माणूस दारू प्यायला तर जिवानिशी जाईल. आणि ज्याला फसवून बरं केलं तो कळल्यावर पुन्हा आपल्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही.

दुसरं मत म्हणजे देवाशी भांडण करायचं नाही. आमच्याकडे येणारी माणसं आमच्याआधी देवळात, दर्ग्यात, मंत्रवाल्याकडे जाऊन आलेली असत. नवी नर्स आली की ती त्यांना झापायची आणि माणसं गोळ्यांसकट गायब व्हायची. मी कधी झापलं नाही. मी म्हणायची, "देवाचंही करा, गोळ्याही घ्या." या वाक्याचा मला फार अभिमान होता. याच वाक्यानं मी एका माणसाला जवळजवळ मारलं असतं. ते सांगायलाच एवढं लिहायला बसले.

पापनाशमजवळच्या एका खेड्यातला चक्रपाणी. तविल वाजवायचा. नागस्वराच्या, म्हणजे लांब सनईच्या, साथीला जे जाडजूड ढोलासारखं वाद्य असतं ते तविल. उजव्या हाताच्या बोटांवर कडक टोप्या चढवतात, डाव्या हातात आखूड काठी, आणि ते वजन खांद्यावर अडकवून मिरवणुकीत तासन्‌तास उभ्यानं वाजवतात. हात आणि खांदे भरून येणारच. चक्रपाणीनं दुखण्यावर दुकानातून गोळी आणली, मग दोन, मग मूठभर. या जातीच्या गोळ्या दुखणं थांबवतातच, वर गोड गुंगीही देतात, आणि एक दिवस नाही घेतल्या की अंग मोडून काढतात. त्यातच त्याला बायपोलर. कोणता आजार आधी आणि कोणता मागून, ते त्यालाही सांगता येत नव्हतं. चढात तो चार-चार दिवस न झोपता वाजवायचा, लोक माना डोलवायचे आणि तेच दिवस त्याला आपलं खरं आयुष्य वाटायचे. उतारात तविलाला हात लावायचा नाही आणि गोळ्यांचा डबा जवळ.

त्याला घेऊन आली त्याची बायको मल्लिका, मोपेडवर मागे बसवून, साडीच्या पदरानं आपल्या कमरेला बांधून. पडू नये म्हणून बांधला की पळू नये म्हणून, विचारलं तर म्हणाली, दोन्ही.

आतून बाहेर आल्यावर तो बाकावर बसला आणि त्यानं एकच विचारलं. "माझा हात राहील ना?"

मी त्याला पूर्ण सांगितलं, कारण अर्धं सांगितलेलं माणूस स्वतःच्या मनानं पुरं करतं. म्हटलं, तुझ्या तविलाला दोन तोंडं. एकच ओढून बांधलं आणि दुसरं सैल ठेवलं तर वाजेल का? तो हसला. म्हटलं, तसंच हे. नुसत्या गोळ्या सोडवल्या आणि मन चढतं-उतरतं राहिलं, तर पुढच्या उतारात तू परत दुकानाच्या दारात. नुसतं मनाचं औषध दिलं आणि त्या गोळ्या चालू राहिल्या, तर औषध कशाकशाला पुरणार? दोन्ही एकदम धरायला हवं. आधी काही दिवस भरती होऊन अंगातून ते काढायचं. मग रोज व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन नर्सच्या समोर जिभेखाली एक गोळी धरायची, तिनं तलफ मरते, आणि ती महिन्यामहिन्यानं डॉक्टरच कमी करत आणणार. आठवड्यातून एकदा व्यसनातून सुटलेल्या लोकांच्या बैठकीत बसायचं. मनासाठी लिथियम नावाची गोळी, तिची रक्तात पातळी तपासत राहायची. बोटं जरा थरथरतील, बहुतेकांची थरथर नंतर कमी होते, नाही झाली तर डॉक्टर मात्रा बदलतात, औषधही बदलतात. आणि झोप. रात्री नऊला आडवं व्हायचं म्हणजे व्हायचं. झोप मोडली की चढ दारात उभाच.

"तविलवाला नऊला झोपला तर मिरवणुकीत कोण वाजवणार, तुम्ही?" तो म्हणाला.

मला वाटलं, हा टिकेल. जो चिडवतो तो टिकतो, असा माझा अनुभव.

मल्लिकेला मी सगळे नियम दोनदा म्हणायला लावले. दुकानातून कुठलीही दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय आणायची नाही. पाणी नेहमीइतकं प्यायचं. जेवणातलं मीठ वाढवायचंही नाही, कमीही करायचं नाही. उलटी-जुलाब झाले तर गोळी थांबवून लगेच फोन. तिनं बिनचूक म्हणून दाखवलं.

पाच महिने छान गेले. तो सकाळच्या मुहूर्ताची लग्नं घ्यायला लागला. बोटं थोडी थरथरायची, पण टोपी चढवली की कोणाला दिसत नसे. मग एके दिवशी मल्लिकेला कापणीवर जायचं होतं म्हणून त्याची आई आली, तैयलम्मा. कपाळभर भस्म, कमरेला किल्ल्या, आवाज असा की शेजारी दाताच्या खुर्चीत बसलेला माणूसही दचकावा. तिचा मनाच्या गोळ्यांवर विश्वास नव्हता. म्हणाली, माझ्या पोराला दृष्ट लागली आहे, मी मारियम्मन देवीला नवस बोलणार आहे, बोलू ना?

मी माझं वाक्य टाकलं. देवाचंही करा, गोळ्याही घ्या.

ती खूश होऊन गेली. मी कसला नवस ते विचारलं नाही. चहा आला होता, आणि तीन माणसं वाट बघत होती. खरं कारण मात्र चहा नव्हता. वाक्य छान बसलं की मी पुढचं ऐकत नसे.

चैत्राचं ऊन. ओरत्तनाडूला एका लग्नात चक्रपाणी वाजवत होता आणि मंगळसूत्र बांधायच्या ऐन वेळी, जेव्हा तविल आणि नागस्वर सगळं बळ लावून वाजायला हवं, तेव्हा त्याच्या हातातून काठी गळून पडली. हात लटलट कापत होता. उठून बाहेर जाताना तो भिंतीला धरून गेला आणि ओकला. वरपक्षातले म्हणाले, सकाळी सकाळीच लावून आलाय. मल्लिकेलाही तेच वाटलं, पुन्हा गोळ्या. ती त्याला तशीच आमच्याकडे घेऊन आली. तो सारखा म्हणत होता, मी घेतलं नाही, मी काही घेतलं नाही, आणि जीभ जड झाल्यामुळे ते म्हणणंही प्यायलेल्या माणसासारखंच वाटत होतं.

डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे एकदाच बघितलं, लिथियम बंद केलं, रक्त काढलं आणि मोठ्या इस्पितळात पाठवून सलाईन लावायला सांगितलं. पातळी भलतीच वाढली होती. पण का? गोळ्या मल्लिका मोजून देत होती, जास्त नाही, कमी नाही. दुकानातलं काही नाही. सगळे विचारून दमले.

दुपारी मी इस्पितळात गेले. तैयलम्मा खाटेशेजारी जमिनीवर बसली होती, समोर मुलासाठी आणलेला डबा, त्याला तर खाता येत नव्हतं. तिनं झाकण उघडलं आणि मला म्हणाली, तुम्ही तरी दोन घास खा, अन्न वाया जायला नको. दहीभात होता. मी घास घेतला.

"तैयलम्मा, मीठ विसरलीस."

"विसरेन कशी? तुम्हीच म्हणालात ना, नवस कर. अठ्ठेचाळीस दिवस माझ्या मुलाच्या आणि माझ्या जिभेला मीठ नाही. आज सोळावा."

घास तोंडात तसाच राहिला. लिथियम हेसुद्धा एक प्रकारचं मीठच. अंगात खरं मीठ कमी पडलं की मूत्रपिंड लिथियमच धरून ठेवतं, बाहेर टाकत नाही. त्यात ऊन, त्यात घाम. सोळा दिवस ते साठत गेलं होतं. मीठ कमी करू नका हे मी मल्लिकेला दोनदा म्हणायला लावलं होतं, पण घरात स्वयंपाक करत होती तैयलम्मा. आणि ज्या अर्थी रायरम्मानं नवसाला हो म्हटलं, त्या अर्थी मल्लिकेला वाटलं रायरम्माला माहीत असणार.

मी डॉक्टरबाईंना फोन करून सांगितलं. माझ्या चुकीसकट.  त्या म्हणाल्या, आता कारण कळलं, आता तो बरा होईल. तुमच्याशी सोमवारी बोलते. सोमवारी बोलल्या. ते इथं लिहीत नाही. जे बोलल्या ते बरोबर होतं.

चौथ्या दिवशी चक्रपाणी उठून बसला, आठव्या दिवशी घरी गेला, आणि लिथियमचं नाव काढलं की तोंड फिरवायला लागला. त्या गोळीनं माझा हात खाल्ला, म्हणाला. लग्नाच्या मांडवात काठी पडलेला तविलवाला म्हणून आता मला कोण बोलावणार? आणि तैयलम्माचं दुसरंच. नवस मोडला, आता देवी कोपणार. दोघं दोन दिशांना रडत होती आणि मल्लिका मध्ये मोपेडची किल्ली हातात घेऊन उभी.

या वेळी बाकावर मी कमी बोलले आणि डॉक्टरबाई स्वतः येऊन बसल्या. त्यांनी त्याच्यापुढे सगळे मार्ग ठेवले. लिथियम सोडून दुसरं औषध घेता येईल, त्यानं वजन वाढू शकतं, सुस्ती येऊ शकते, आणि हातही थोडा कापू शकतो. किंवा लिथियमच, पण आधीपेक्षा कमी मात्रेत, रक्त लवकर लवकर तपासत, आणि थरथरीसाठी एक छोटी गोळी. किंवा काहीच नको, पण मग चढ परत येईल हे मी आजच सांगून ठेवते. घाई नाही, म्हणाल्या, तीन दिवसांनी सांग. हात तुझा, तूच ठरव.

तीन दिवसांनी तो आला आणि म्हणाला, कमी मात्रा. कारण विचारलं तर सांगितलं, त्या पाच महिन्यांत माझी मुलगी पहिल्यांदा माझ्या मांडीवर झोपली, ते त्याच गोळीवर. मल्लिका खिडकीतून दाताच्या दवाखान्याची पाटी वाचत राहिली. फार वेळ वाचली.

राहिला नवस. डॉक्टरबाई म्हणाल्या, देवीची पातळी तपासायची सोय माझ्याकडे नाही, ते तुमचं काम. म्हणून मी आणि तैयलम्मा गावच्या पुजाऱ्याकडे गेलो. म्हातारा पुजारी, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मुलगा कुणाच्या पोटी आला? तिच्या. मग त्याचे उरलेले दिवस तिनं खाल्ले तरी देवीला पोचतात, फक्त आणखी बत्तीस दिवस जास्त कर. तैयलम्मानं ऐंशी दिवस अळणी खाल्लं. तिचं रक्तदाबाचं औषध डॉक्टरांना निम्म्यावर आणावं लागलं, आणि त्याचंही श्रेय तिनं देवीलाच दिलं. त्यांतले आठ दिवस मीही अळणी खाल्ले, घरी पोट बिघडलंय असं सांगून. ते का, हे मला नीट सांगता येणार नाही.

तेव्हापासून आमच्या केसपेपरवर एक नवी ओळ आली. नवस बोललाय का, बोलला असेल तर कोणता, आणि घरी स्वयंपाक कोण करतं. ती ओळ माझ्या हस्ताक्षरात छापून घेतली डॉक्टरबाईंनी. शिक्षा होती की मान, मी विचारलं नाही.

नवसाचा दुसरा भाग असा की देवीच्या उत्सवात मिरवणुकीपुढे चक्रपाणीनं वाजवायचं. मला आमंत्रण होतं. गावातून कालव्याच्या कडेनं पालखी निघते, संध्याकाळी सहाला. मी पुढे जाऊन उभी राहिले. माझं लक्ष वाजवण्याकडे नव्हतंच, मी त्याची बोटं बघत होते. टोप्या चढवताना ती थरथरत होती, थोडी. मग त्यानं पहिला ठोका दिला आणि मला ती दिसेनाशी झाली, इतकी चालत होती.

लोक म्हणत होते, पूर्वीचा वेग नाही. खरंच नव्हता. पूर्वी चढात तो नागस्वरवाल्याला दम घ्यायला जागा देत नसे. आता नागस्वर एकटं आळवत असलं की तो काठी खाली धरून ऐकत उभा राहायचा आणि नेमका हवा तिथं ठोका द्यायचा. नागस्वरवाला त्याचा चुलता. पहिली गल्ली संपल्यावर ओठ पुसत त्याला म्हणाला, "वीस वर्षं तुझ्याबरोबर वाजवतोय, आज पहिल्यांदा मला माझं वाजवणं ऐकू आलं." चक्रपाणी म्हणाला, ऐकून घ्या चित्तप्पा, काही सुधारता आलं तर सुधारा. सगळे हसले, मीही हसले, पण मला डोळे पुसावे लागले.

तीन गल्ल्या झाल्या. पालखी कालव्याच्या पुलाशी आली. तिथून पुढे खरी मिरवणूक, शेजारच्या वाडीपर्यंत जाऊन पहाटे परत. कमिटीतली माणसं रंगात आली होती, माळा घेऊन आली, म्हणाली, चक्रपाणी, आता थांबायचं नाही, आज रात्रभर. दुसरा तविलवाला सोबत होता, पण लोकांना हाच हवा होता. मी चक्रपाणीच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्याला वाजवायचं होतं. इतके महिने ज्याच्यासाठी सगळं केलं ते समोर उभं होतं, आणि रात्रभर जागला तर सगळं गेलं, हेही त्याला माहीत होतं. तो माझ्याकडे बघेना, मल्लिकेकडेही बघेना. मी तोंड उघडणार होते. समजावायची सवय.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून तैयलम्मा पुढे आली. ज्या बाईला गोळ्या खोट्या वाटायच्या तीच. कमरेवर हात ठेवून ती कमिटीच्या अध्यक्षासमोर उभी राहिली आणि त्या आवाजात, जो शेजारच्या वाडीतही ऐकू गेला असणार, म्हणाली, "साडेआठ वाजलेत. माझ्या मुलाच्या झोपायची वेळ झाली."

मुलाचं वय एकेचाळीस. मिशा अशा. सगळा गाव पुलावर थबकला. अध्यक्षांनी देवीच्या पालखीकडे बघितलं, जणू तिनं काही बोलावं. देवी काही बोलली नाही.

चक्रपाणी लाजून लाल झाला, आणि मग इतका हसला की तविल खांद्यावर हलायला लागलं. त्यानं एकेका बोटावरची टोपी काढली, देवीला हात जोडले, तविल चुलत्याच्या मुलाकडे दिलं आणि मल्लिकेच्या मोपेडवर मागे बसला. न बांधता. तैयलम्मा टॉर्च घेऊन मोपेडच्या पुढे रस्ता मोकळा करत चालली, सरका, सरका, पोराला झोपायचं आहे.

मिरवणूक दुसऱ्या तविलवाल्याबरोबर पुढे गेली. मीही गेले, पहाटेपर्यंत. मला कोण विचारतंय किती वाजले म्हणून.